बॅच शीटमधली दहा मिनिटं

मी आयुष्यभर काय काम केलं असं कुणी विचारलं, की मी सांगते, बरण्यांवर काय लिहू नये ते लोकांना सांगितलं. ऐकणाऱ्याला वाटतं बाई थट्टा करतेय. पण गोव्यात डिचोलीपासून पेडण्यापर्यंत जे कुणी क्रीम, उटणं, साबण, केसांचं तेल असलं काही बनवून विकू पाहत होते, त्यांनी मला वर्षानुवर्षं याच कामासाठी बोलावलं. रसायनशास्त्राची पदवी, एका साबणाच्या कारखान्यातली नोकरी, आणि ती सुटल्यावर हे. लोक मला ‘लायसनवाली बाय’ म्हणायचे. लायसन्स देतं सरकार. ते मिळेपर्यंत आणि मिळाल्यावर टिकेपर्यंत लोकांचं डोकं खाणारी ती मी.

काम तसं समजायला सोपं आहे. अंगाला लावायची वस्तू घरी केली आणि शेजारणीला वाटीभर दिली, तर तुम्हाला कुणी काही विचारत नाही. तीच वस्तू बरणीत भरून दुकानात ठेवली, की ती कुणाच्या तोंडाला लागणार, कुणाच्या डोळ्यात जाणार, हे तुम्हाला माहीत नसतं. म्हणून कायदा विचारतो. वेगळी खोली आहे का, फरशी धुता येते का, पाणी कुठलं, हाताखालच्या माणसांना काय शिकवलंय, प्रत्येक घाण्याची तपासणी होते का. या घाण्याला आम्ही बॅच म्हणतो. बरणीवर बनवणाऱ्याचं नाव, गाव, लायसन्सचा नंबर, बॅचचा नंबर, आत काय काय आहे आणि कधीपर्यंत वापरायचं, हे सगळं हवं. आणि ‘बरं होतं’ हे शब्द नकोत. त्वचा मऊ होते म्हणा, उजळ दिसते म्हणा. बरं होतं म्हटलं की ती वस्तू औषध झाली, आणि औषधाचा कायदा वेगळा, त्याचे साहेब अधिक कडक.

केरीला एक गृहस्थ किनाऱ्यावर कोरफडीचा गर विकायचे. त्यांच्या लेबलवर उन्हाने भाजलेली कातडी, डास चावल्याची खाज, केसांतला कोंडा आणि मनाची अस्वस्थता एवढं सगळं बरं होत होतं. मी लाल पेन्सिलीने एकेक खोडत गेले. शेवटी ते काकुळतीला येऊन म्हणाले, “बाय, मगे बरणीत रवला काय?”

“कोरफड राहिली. तेवढीच लिहा.”

“आनी ह्यो बॅचचो नंबर कित्याक? माझी बॅच एकच. सकाळची.”

अशा माणसांवर मी रागवायची, घरी येऊन हसायची, आणि दुसऱ्या दिवशी परत जायची. मला माझ्या कामाचा गर्व होता हे कबूल करते. कागद पाहिला की चूक कुठे आहे ते मला वासावरून कळतं असं मी म्हणायची. पार्सेच्या शेवंताबाईंनी तो गर्व उतरवला, आणि तरीही माझ्या सगळ्या नोकरी-धंद्यातली सर्वांत मोठी जीत मला त्यांच्याचमुळे मिळाली.

शेवंताबाय मूळच्या सावंतवाडीकडच्या, लग्न करून पार्सेला आलेल्या. भिरंडेलाचं क्रीम करायच्या. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांतून निघणारं घट्ट तेल, आपल्याकडे थंडीत घरोघरी लावतात. त्यात खोबरेल, मेण आणि पाणी घालून त्या असं काही मऊ, पांढरं क्रीम फेटायच्या की मी पहिल्यांदा बोटावर घेतलं तेव्हा टीका करायला जागाच सापडली नाही. बरोबर सात बायका होत्या. काजूच्या हंगामात दुसऱ्यांच्या बागेत बोंडू वेचायच्या, उरलेलं वर्ष हाताला काम नाही. शेवंताबाईंनी त्यांना गोळा केलं, घरामागची खोली दिली आणि मला बोलावलं.

खोलीला फरशा बसल्या, जाळ्या बसल्या, पाण्याचं फिल्टर आलं. भांडण एकाच गोष्टीवरून झालं. काम करताना हातात दागिना नको असा नियम, आणि नवरा जिवंत असताना कांकणं उतरवायला एकही बाई तयार होईना. दोन दिवस मी कायदा सांगत होते आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग मीच कोपरापासून मनगटापर्यंत येणाऱ्या, दोन्हीकडे इलास्टिक लावलेल्या बाह्या शिवून आणल्या. कांकणं आत, नियम बाहेर. लायसन्सच्या तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी त्या बाह्या उलटसुलट करून पाहिल्या आणि काही बोलले नाहीत. आमच्या धंद्यात साहेब काही न बोलणं म्हणजे शाबासकी.

लेबल करताना आणखी एक गंमत झाली. सगळं गाव भिरंडेल टाचांच्या भेगांना लावतं, म्हणून मी ‘चेहरा, हात व टाचा’ असं लिहिलं होतं. शेवंताबाय म्हणाल्या, “टाच काढा.” मी कारण विचारलं. “नको. पायाक नको.” टाच म्हटली की भेग येते, भेग म्हटली की कुणीतरी ‘बरी होते’ असं जोडतो, म्हणून मला ते बरंच वाटलं. मी टाच खोडली आणि विसरून गेले.

खोलीच्या भिंतीवर मी माझ्या अक्षरात एक पाटी लावली होती, ‘जे कागदावर नाही ते भांड्यात जाणार नाही.’ कागद म्हणजे बॅच शीट. प्रत्येक बॅचला एक. कुठली वस्तू किती घातली, किती वाजता, किती गरम केली, कुणी केली, खाली सही. शेवंताबाय सातवीपर्यंत शिकलेल्या. शीट त्याच भरायच्या, एकेक अक्षर मोत्यासारखं.

पहिली बॅच मी उभी राहून करून घेतली. ती पास झाली, लायसन्स आलं, बायकांनी पेढे वाटले. दुसरी बॅच त्यांची त्यांनी केली, म्हापशाच्या दुकानात गेली. तिथून इन्स्पेक्टरसाहेबांनी नमुना उचलला, आणि महिन्याभराने नोटीस आली. क्रीममध्ये जंतूंचं प्रमाण मर्यादेच्या कितीतरी वर.

हे साहेब मला ठाऊक होते. कागद शेवटच्या पानापासून वाचत यायचे, तपासणीला आले की पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायचे. त्यांच्याकडे गयावया करून उपयोग नव्हता. माल परत मागवला. मी पार्सेला जाऊन बसले, पुन्हा समोर उभी राहून बॅच करून घेतली. पास. मी निघून आले, पुढची बॅच त्यांनी केली, आम्हीच ती आधी तपासायला पाठवली. नापास. ती सगळीच्या सगळी काजूच्या झाडाखाली खड्डा खणून पुरावी लागली. आठ बायका घमेली भरभरून ते पांढरं शुभ्र क्रीम मातीत ओतत होत्या आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी नोंद करत होते, कारण नष्ट केल्याचीही नोंद लागते. त्या दिवशी मला माझ्या पेनाची लाज वाटली.

साहेबांनी स्पष्ट सांगितलं, “आणखी एक बॅच करा. मी न सांगता येईन आणि नमुना नेईन. नापास झाला तर लायसन्स रद्द करा असं मला लिहावं लागेल.” रद्द म्हणजे परत कुणी अर्जही करणार नाही, आणि बायका परत दुसऱ्यांच्या बागेत. शेवंताबाईंचं नाव तर कायमचं खराब. जिचं क्रीम लावून अंगाला पुळ्या आल्या ती बाई, असं गावात बोलणं सुरूही झालं होतं. प्रत्यक्षात पुळी कुणालाच आली नव्हती.

मी असताना पास, मी नसताना नापास. यावरून कुणीही काढेल तो निष्कर्ष मी काढला, आणि तो तोंडावर बोलून दाखवला. सगळ्यांना ओळीने उभं केलं, हात पुढे करायला लावले, नखं पाहिली. मी म्हणाले, “माझी पाठ वळली की तुम्ही गचाळपणा करता.” रुक्मिणी नावाची एक अबोल मुलगी होती, बरण्या धुण्याचं काम तिच्याकडे. तिचे हात पुसून पुसून पांढरे पडलेले. ती चपला घालून घरी गेली, ती परत आली नाही. नंतर मी दोनदा तिच्या दारात गेले. तिने चहा दिला, कामाला मात्र आली नाही. तिच्यावर मी अन्याय केला, आणि तो भरून निघालेला नाही.

शेवंताबाय एवढंच म्हणाल्या, “बाय, आमी पाणी उकळलां, भांडी उकळली, हात धुतले. आता आनी काय धुवूचा ता सांगा.”

त्या संध्याकाळी मी सगळ्या शीट घरी घेऊन आले. पास झालेल्या डावीकडे, नापास उजवीकडे, अशा जेवणाच्या टेबलावर मांडल्या. वजनं तीच, तापमान तेच, सह्या त्याच. साडेनऊला तेल गरम, दहाला पाणी, मग फेटणं, मग थंड करणं, शेवटी बरण्या भरणं. दोनदा वाचलं तरी काही दिसेना. मग फक्त वेळा वाचल्या. डावीकडच्या शीटवर क्रीम थंड झालं की लगेच भरायला सुरुवात. उजवीकडच्या शीटवर थंड झालं बारा वाजता, भरायला घेतलं बारा दहाला. दोन्ही नापास बॅचना तीच दहा मिनिटं, आणि त्यांच्यासमोर कोरी जागा.

सकाळी पहिल्या बसने पार्से गाठलं. शेवंताबाय अंगणात होत्या. मी शीट पुढे धरली. “शेवंताबाय, या दहा मिनिटांत काय करता?”

त्यांनी पदर सारखा केला. “नमस्कार करतांव.”

“दहा मिनिटं?”

“तीर्थ घालतांव, बाय.” मग हळूच, “एक कुलेर.”

कुलेर म्हणजे चमचा, पोर्तुगीज गेले तरी इथल्या स्वयंपाकघरात राहिलेला शब्द. रोज सकाळी देवांना आंघोळ घातलेलं पाणी, तुळशीची पानं आणि चंदन घालून तांब्याच्या गडूत ठेवलेलं. तयार झालेल्या, थंड झालेल्या, जिथे उष्णतेची आता भीती नाही अशा क्रीममध्ये शेवटचा एक चमचा. जंतूंना याहून चांगलं आमंत्रण मी तरी पाहिलेलं नाही. टाच का नको होती तेही मला तेव्हा कळलं. तीर्थ पायाला कसं लावणार?

माझं डोकं भडकलं. “मग सांगितलं का नाही?”

“तुमी भिंतीर लिवलां, कागदार नाय ता भांड्यात नाय. तुमी रागावतल्यात म्हणान तुमच्यासमोर घातलंय नाय. पण खोटा लिवलंय नाय मी. वेळ लिवली. तुमी इचारलात नाय.”

खरंच होतं. पाणी तपासलं, जाळ्या तपासल्या, नखं तपासली, त्यांना विचारलं मात्र काहीच नव्हतं. कोऱ्या जागेत खोटं काही भरून टाकायला त्यांना कितीसा वेळ लागला असता? त्यांनी ती कोरी ठेवली होती म्हणून तर मला सापडलं. इतकी प्रामाणिक बॅच शीट मी मोठमोठ्या कारखान्यांतही पाहिली नव्हती.

“आता बंद करा,” मी म्हणाले.

“देवाक दाखवल्याशिवाय लोकांच्या तोंडाक लावूचा कसा?” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुमी होतात तेव्हा घातलंय नाय, तर दोन दिस माका जेवण गेला नाय. तसा विकूचा असात तर नको ता लायसन. काजीन जातंय मी.”

आणि त्या गेल्या असत्या. काजूच्या बागेत परत गेल्या असत्या, बाकीच्या सहा जणींसकट. मी पायरीवर बसले. त्यांनी चहा आणि पाव आणून ठेवला. चहा पिता पिता मी कारखाना पहिल्यापासून डोळ्यांसमोर आणला. विहीर, टाकी, फिल्टर, मग जंतू मारणारा दिवा, मग उकळणं. टाकीत येतं ते विहिरीचंच पाणी, त्यातही जंतू असतातच. ते मारायलाच तर पुढचा सगळा खटाटोप आहे.

“शेवंताबाय, तीर्थ टाकीत घातलं तर? सगळ्यांत आधी. कामाला सुरुवात करताना. ते फिल्टरमधून जाईल, चुलीवर जाईल, आणि मग क्रीममध्ये येईल. पाणी म्हणूनच येईल, लेबल बदलायला नको.”

त्यांनी टाकीकडे पाहिलं. “यंत्रातसून गेला, उकळला, तर ता तीर्थ रवात?”

कायद्याच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. मी म्हणाले, “अग्नीतून गेलेलं काही बाटतं का?”

त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू आलं. “तर मगे पयलीच कुलेर घालतंय. देवाक आदी मान.”

मला वाटलं झालं. पण बॅचच्या दिवशी त्यांनी शीट घेतली आणि अगदी वरच्या ओळीत, तेलाच्याही आधी लिहिलं, ‘टाकीत तीर्थ, एक कुलेर.’ मी म्हणाले, हे कशाला लिहिता, टाकीतलं पाणी नुसतं पाणीच असतं. त्यांनी माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या माझ्या पाटीकडे बोट दाखवलं. मी बस पकडून निघून आले, कारण बॅच मी नसतानाच व्हायला हवी होती. साहेब ती ओळ वाचणार, आणि नमुना पास झाला तरी ते काय म्हणतील देव जाणे.

साहेब चौथ्या दिवशी आले. शेवंताबाईंनी फोन केला, मी भाड्याची मोटरसायकल करून धावले. पोचले तेव्हा नमुन्याच्या बरण्यांवर लाखेची सील लागलेली होती आणि साहेब शीट वाचत होते, नेहमीसारखी शेवटच्या पानापासून. बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीवर ते थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“हे तीर्थ, हे कुठे घातलं?”

“टाकीत, सायबा. फिल्टराच्या आदी.”

“आणि पूर्वी?”

शेवंताबाय म्हणाल्या, “पूर्वी क्रीमात. चुकला ता. आता नाय.”

साहेब उठून टाकीपाशी गेले. नळी कुठून कुठे जाते ते बोटाने धरत फिल्टरपर्यंत आले, दिव्यापर्यंत आले, उकळायच्या भांड्यापर्यंत आले. परत येऊन बसले. खिशातून लाल पेन काढलं. मला वाटलं, संपलं. त्यांनी ‘एक कुलेर’ याखाली रेघ मारली.

“कुलेर म्हणजे किती? प्रत्येकीच्या घरची कुलेर वेगळी. माप लिहा, बाई. पाच मिली.”

शेवंताबाईंनी त्यांच्याच पेनाने माप लिहिलं आणि खाली सही केली. साहेब त्या दिवशीही पाणी स्वतःच्या बाटलीतलंच प्यायले.

रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. पाकीट मी फोडलं, सात जणी भोवती. ‘मानकांनुसार आहे.’ इंग्रजीतलं ते एकच वाक्य मी त्यांना मराठीत तीन वेळा वाचून दाखवलं, कारण तीन वेळा त्यांनी परत वाचायला सांगितलं. मग मी सगळ्यांसमोर त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागितली. ती कुणी लांबवू दिली नाही. कुणीतरी म्हणालं, बरण्या भरायच्या राहिल्यात, आणि सगळ्या आत गेल्या. त्यानंतर त्या खोलीतून बाहेर पडलेली एकही बॅच नापास झाली नाही. आज त्यांचं क्रीम पणजीच्या दुकानांत असतं, आणि बरणीवर नियमाप्रमाणे शेवंताबाईंचं नाव आणि पार्से हे गाव असतं.

पुढच्या वर्षी साहेबांचा मला फोन आला. डिचोलीत पाळीला बायकांच्या एका गटाचं उटणं पुन्हा पुन्हा नापास होत होतं, त्यात राखेचं, म्हणजे जाळून जे मागे उरतं त्याचं, प्रमाण जास्त निघत होतं. मी चटकन म्हणाले, पाळी म्हणजे खाणीचा पट्टा, खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ बसत असेल. “तसंच सगळे म्हणतायत,” साहेब म्हणाले. “त्यांनी खिडक्यांना दुहेरी काच लावली तरी नापास. तुम्ही जाल का? आणि त्या पार्सेच्या बाईंना बरोबर घेऊन जा.”

ज्यांचं लायसन्स रद्द करा असं लिहायची तयारी ठेवली होती, त्याच बाईंना साहेब आता मदतीला बोलावत होते. शेवंताबाय इस्त्रीची साडी नेसून आल्या. पाळीला पोचल्यावर मी माझ्या सवयीने खिडक्या, दरवाज्याच्या फटी, छत बघायला लागले. गटाच्या प्रमुख बाई घाबरून माझ्या मागे मागे फिरत होत्या, धूळ पुसून दाखवत होत्या. शेवंताबाय तोवर बाकीच्यांत जमिनीवर बसल्या, एकीच्या हातून उटणं घेतलं, वास घेतला, “बरा झालाहा,” म्हणाल्या. मग सहज, घरची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, “देवाक काय दाखवतात गे तुमी?”

माझ्या मागे फिरणाऱ्या प्रमुख बाई थांबल्या, आत गेल्या, आणि अंगाऱ्याची वाटी घेऊन बाहेर आल्या.